घासणारं दार

रंगरंगोटी झाली, नळ झाले, वरच्या मजल्याचं जमिनीला घासणारं दार तेवढं उरलं होतं. उद्या भाडेकरू येणार म्हणून सुतार ते तासत होता आणि घरमालकीण पायरीवर बसून होती. तिचा मुलगा इथे राहायचा, तेव्हा आईची झोपमोड नको म्हणून रात्री दार उचलून उघडायचा. तरी घासायचंच. तो आवाज कानी पडल्यावरच खाली तिचा डोळा लागायचा. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला होता. "देऊन टाक भाड्याने, आई. मी काही परत येत नाही." "काकू, आता हूं की चूं नाही," सुतार दार ढकलत म्हणाला. "जरासं घासेल असं करता येईल?" तिने विचारलं. "तासलेलं परत चिकटवू कसं?" सकाळी भाडेकरूंना किल्ली देताना ती म्हणाली, "रात्री उशिरा आलात, तर जिना जरा वाजवत चढा. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."