वाचनाचा सराव

"बानामावशी, पुस्तक उलटं धरलंय!" बन्सी खेकसला. "आन् तोंडावर जरा विचार दिसू द्या. वाचणारा माणूस असा फोटो काढायला बसल्यावानी बसतो का?"

करमाडच्या पुढं, जालना रोडपासून जरा आत असलेल्या त्या गावच्या वाचनालयात सराव चालू होता. उद्या शहरातून तपासणीला मॅडम येणार होत्या. कागदावर हे वाचनालय कधीपासूनच जोरात होतं. अनुदान वेळेवर येत होतं, अध्यक्ष म्हणून बन्सीला मान होता, पोरगा ऋतुराज ग्रंथपाल होता. पुस्तकं आणि वाचक तेवढे नव्हते. दरवेळी तपासणीपुरती शाळेची पुस्तकं कपाटात लावायची, काचेआडून दाखवायची, कुलूप उघडा म्हटलं की किल्ली हरवायची, असं निभत आलं होतं. पण या मॅडम कुलूप तोडून बघतात म्हणे. त्यात शाळेच्या नव्या हेडमास्तरांनी पुस्तकं द्यायला साफ नकार दिला होता.

बन्सीची झोप उडाली ती ऋतुराजपायी. गारखेड्याच्या तनुजाचं स्थळ नुकतंच पक्कं झालं होतं. तिच्या वडिलांनी शेत विचारलं नाही, घर विचारलं नाही. मुलगा ग्रंथपाल आहे, एवढ्यावरच ते हो म्हणाले होते. वाचनालय गेलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की नवरी गेली.

म्हणून बन्सी औरंगपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडं गेला. "कसली पुस्तकं देऊ?" त्यानं विचारलं. बन्सी म्हणाला, "जाड दे." गावात आणून पोती सोडली, तर आतून काय काय निघालं! राक्षसांच्या आणि राजकन्यांच्या लोककथा. पदर वाऱ्यावर उडत असलेल्या बायकांच्या प्रेमकादंबऱ्या. उडते घोडे, पाताळातली नगरं, बोलणारे साप. त्यांच्याच मांडीला मांडी लावून साधू, सिद्धी आणि समाधीचे ग्रंथ. बन्सीनं एकही उघडून पाहिलं नाही. उंचीप्रमाणं लावून टाकली. कपाट भरलं तसा त्याच्या जिवात जीव आला.

मग चहा-पोह्यांच्या बोलीवर वाचक गोळा केले. मेंढ्या राखणारा भिकन आला, शिवणकाम करणारी रूपाली आली. बानामावशीला वाचता येत नव्हतं, पण तिचा चष्मा जाड भिंगांचा होता, म्हणून तिला खास पुढं बसवलं. शेजारी तिची नात शालू.

थोडा वेळ सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणं नुसती पानं उलटली. मग कंटाळून शालूनं आजीला हळूच एक ओळ वाचून दाखवली. मग दुसरी. मावशीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. भिकन सिद्धीच्या ग्रंथावर बोट ठेवून ओठ हलवू लागला. रूपाली मध्येच डोळे पुसू लागली. चहा आला, गार झाला, कुणी मान वर केली नाही.

"याला म्हणतात ॲक्टिंग!" बन्सी ऋतुराजला म्हणाला.

संध्याकाळ झाली तरी कुणी उठेना. शेवटी भिकन म्हणाला, "अध्यक्ष, घरी नेऊन सराव करू का?" बन्सीला भरून आलं. आपल्या पोराच्या लग्नासाठी गाव एवढं झटतंय! "न्या, न्या, लाजू नका," म्हणत त्यानं कपाट उघडं टाकलं. ही गोष्ट वस्तीभर झाली, आणि जे सरावाला आले नव्हते तेही येऊन एकेक उचलून गेले.

सकाळी वाचनालयात कपाट होतं, खुर्च्या होत्या. बाकी काही नव्हतं. बन्सी धावत बानामावशीकडं गेला. शालू वाचत होती, मावशी मेथीची जुडी हातात तशीच धरून ऐकत होती.

"मावशी, पुस्तक द्या लवकर. मॅडम येऊ राह्यल्या."

"राजकन्या हिरीत पडली, आन् तू पुस्तक मागू राह्यला?" मावशी कडाडली. "तिला वर तर येऊ दे!"

भिकन ग्रंथ घोंगडीत गुंडाळून मेंढ्यांमागं माळावर निघून गेला होता. रूपालीनं दाराला आतून कडी घातली होती. ऋतुराजही घरोघर फिरून रिकाम्या हातानं परत आला, पण त्याचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"आबा, लोकं विचारू राह्यले, याचा पुढचा भाग हाये का म्हणून. मला विचारू राह्यले, आबा!"

ग्रंथपाल झाल्यापासून त्याला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. बन्सी पोराकडं बघतच राहिला. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

विशाखा मॅडम आत आल्या. त्यांनी कपाट पाहिलं, खुर्च्या पाहिल्या. "पुस्तकं कुठं आहेत?"

बन्सीच्या जिभेवर नेहमीच्या सबबी तयार होत्या. वाळवी लागली, छत गळलं, चोरी झाली. पण आज का कोण जाणे, त्याला त्या सांगवेनात. त्याची छाती अभिमानानं भरून आली होती.

"लोकांनी वाचायला नेली, मॅडम. सगळीच्या सगळी. आईशप्पथ! चला, घरोघरी दाखवतो."

तपासणीच्या दिवशी बन्सी आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलला होता.

मॅडमनी त्याच्याकडं एकवार पाहिलं, वाचनालयाची मान्यता रद्द करावी असा शेरा लिहिला आणि खाली सही ठोकली.

"बन्सीराव, वाळवी लागली म्हणाला असतात तर मी मुदत दिली असती," पेन पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या. "थाप मारायची तर निदान पटेल अशी तरी मारावी!"