मिठाची पुडी

भट्टीतून पहिला ट्रे बाहेर आला तसं चंदानं गरमगरमच एक बिस्किट उचललं, फुंकर मारली आणि दाताखाली धरलं. तिचं डोकंच सणकलं.

"किशोर! मीठ कुठंय रे यात?"

धसईच्या त्या बेकरीत सामान आपलं आणि भट्टी त्यांची. पीठ, तूप, साखर सकाळी नेऊन द्यायची, दुपारी बिस्किटांचा डबा घेऊन जायचा. किशोर मळून, भाजून देई. चंदाच्या बिस्किटांची तऱ्हा मात्र वेगळी. नाचणीचं पीठ, पिठीसाखर आणि तुपातच फेसलेलं मीठ नि ओवा. आधी गोड लागतं, मग जिभेच्या कडेला खारट. ते मीठ तूप फेसतानाच पडायला हवं, मागनं वरून भुरभुरवून काही उपयोग नाही.

"मीठ सामानात नव्हतंच काकी."

"फडक्यात बांधलेली पुडी होती ना! मीठ नि ओवा!"

किशोरनं कपाळावर हात मारला. "ती होय! ती काकांनी भट्टीत टाकली."

काका म्हणजे चंदाचा नवरा, कमळाकर. बाजाराला यायचंच होतं म्हणून सकाळी सामान स्कूटरवरून त्यानंच आणलं होतं. चंदाच्या अंगाची लाही लाही झाली.

"मुद्दाम केलंन मेल्यानं!"

त्यांची एकुलती एक लेक कुणाली. गेल्या वर्षी आपल्या मनानं लग्न करून वाशिंदला गेली. "या घरात तिचं नाव घ्यायचं नाय," असं कमळाकरनं त्याच दिवशी बजावलं होतं. आता तिला दिवस गेले होते आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. परवा फोनवर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आये, तुझी ती खारी-गोड बिस्किटं पायजेत गो. दुसरं काय नको." पोटुशी पोरीचे डोहाळे ते! पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. बिस्किटं शेणवे गावच्या बहिणीसाठी हवीत, असं चंदानं नवऱ्याला सांगितलं होतं. ती थाप काही पचली नव्हती तर.

"लेकीवरचा राग पोटातल्या जिवावर काढतो! बाप हाय का कसाई?"

किशोर जरा घुटमळला. "काकी, ऐका तर. फेकली नाय त्यांनी. ओवाळून टाकली."

"काय?"

"बाया देतात ना, पहिल्या घाण्याआधी मीठ-मोहरी भट्टीत टाकायला? काकांना वाटलं ती तीच. सोडूनसुदीक बघितली नाय. मला म्हणाले, बाजूला हो. मग पिठावरनं पुडी उतरवत पुटपुटत होते."

"काय पुटपुटत होते?"

"कुणालीची, तिच्या बाळाची, आल्यागेल्याची... दृष्ट काढतात तसंच."

चंदाचा राग उतरला. क्षणभरच. मग ती आधीपेक्षा जास्त भडकली. वर्षभर ती गोठ्यामागं जाऊन लेकीशी चोरून बोलत होती, आणि हा माणूस ते सारं ऐकून खुशाल भट्टीपुढं तिचं नाव घेतो! पदर खोचून ती तरातरा बाहेर आली.

कमळाकर स्कूटरला टेकून उभा होता. "झाली का?" त्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं. "शेणव्याला जायला टाइम होईल तुला."

"शेणवं गेलं खड्ड्यात! एवढी वर्षं खाताय ती बिस्किटं, त्यात काय पडतं ते कधी इचारलंत? दृष्टीची पुडी नव्हती ती. बिस्किटातलं मीठ होतं. पोरीला जी चव पायजे होती, तीच जाळलीत तुमी!"

कमळाकरचा चेहरा पडला. "मला काय म्हाईत..."

"कसं म्हाईत होणार? घरात तोंड शिवलंय! भट्टीपुढं बरं उघडतं?"

बाजारातली माणसं बघायला लागली होती. बघेनात का! चंदानं फोन लावला आणि सरळ नवऱ्याच्या कानाला नेऊन भिडवला.

"आये?" पलीकडून कुणाली म्हणाली. "झाली का गो बिस्किटं?"

कमळाकरनं फोन दूर सारायला हात उचलला. पण त्या हातानं फोन धरूनच ठेवला.

"कुणे," तो म्हणाला.

"बाबा?"

"कुणे, मीठ नाय गो त्यात. माझ्या हातनं जळलं."

"आणि ओवा!" मागनं चंदा कडाडली. "ओवापण गेला. सांगा की तिला!"