फ्रिजचं मत

गॅसची पाइपलाइन काढून अख्खी सोसायटी विजेवर न्यायचा ठराव एका मताने पास झाला, तशा सुमतीबाई टिपणीस ताडकन उठल्या.

“कुणाचं हो ते एक मत?”

“तुमच्या फ्रिजचं, काकू,” सेक्रेटरी दळवी म्हणाले. “नव्या कायद्याने विचार करणाऱ्या यंत्रांनाही मत असतं.”

“मेल्याला रोज पुसते मी! आता भरताचं वांगं कशावर भाजू, ह्याच्या डोक्यावर?”

घरी येताच त्यांनी फ्रिजच्या प्लगला हात घातला.

गॅस बंद करायला मागोमाग आलेले दळवी ओरडले, “काकू, मतदाराला धमकावणं गुन्हा आहे!”

सुमतीबाईंनी प्लग सोडला. मग दूध, भाज्या, लोणी, सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं.

“आणि मतदाराला बेकार ठेवणं?”

“छे, छे,” दळवी म्हणाले, “ते चालतं.”