डावी बाही

डार्लाने सुईत दोरा ओवला. लेकीच्या नव्या गणवेशावर, डाव्या बाहीला, कॉलेजचा कापडी बिल्ला शिवायचा होता. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी दोघी मायलेकींनी जेवणाच्या टेबलाशी बसून एकत्रच अभ्यास केला. परीक्षेत आईला चार गुण जास्तच पडले. पण कम्युनिटी कॉलेजात जागा चाळीसच, म्हणून दरवर्षीसारख्या पास झालेल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. लेकीची, केंड्राची, निघाली. डार्लाची यंदा तिसऱ्यांदा राहिली. पोरगी कॉफी ओतायला वळली, तशी डार्लाने तो बिल्ला स्वतःच्या, वृद्धाश्रमातल्या मदतनिसाच्या गणवेशाच्या, विटक्या बाहीवर धरून पाहिला. "आई, हात दे गं. सोमवारी पहिल्याच तासाला नाडी मोजायचीय." केंड्राने मनगट धरलं, घड्याळावर नजर ठेवली. "एकशे दहा? नुसती बसून तर आहेस, धडधडायला काय झालं?" पंधरा वर्षं म्हाताऱ्यांच्या नाड्या मोजणाऱ्या डार्लाला ठाऊक होतं, आकडा अचूक आहे. "चुकलीस तू," ती म्हणाली. "पुन्हा मोज."