दयारामाची कोरडी विहीर

तिसरा खड्डाही मुरुमातच गेला, तसा धरणाची जागा शोधायला आलेल्या भगवंतराव इंजिनिअरांनी नकाशा गुंडाळला. इंग्रजांनी बांधलेला तलाव शहराला पुरेनासा झाला होता. मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली, नव्या धरणाचा हुकूमही निघाला. पण भिंत उभी करायला या नाल्यावर अखंड कातळ काही सापडेना. उद्या तंबू मोताळ्याच्या पलीकडे हलणार होता.

बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्या दयारामाला कातळ कुठं आहे ते चांगलं ठाऊक होतं. सांगायची तेवढी लाज वाटत होती. शेवटी तो उठला.

"साहेब, नाला जिथं आखुडते ना, तिथं माह्या वावरात एक इहीर हाये. कोरडी. लोक हासतात म्हणून काट्या टाकून झाकली."

काटेरी फांद्या सारल्या. सात परस खोल, काळाभोर दगड. साहेब दोर धरून उतरले आणि चारी अंगांनी हातोडी वाजवू लागले. तळाशी वीतभर पाणी होतं.

"झरा आहे का हा?" त्यांनी खालून विचारलं.

"झरा कुठला साहेब. पावसाचं हाये. साचलं तवापासून तसंच हाये, कुठी जातच नाही."

बोलता बोलता दयारामाचं बोट काठाच्या दगडातल्या खाचेत गेलं. चार उन्हाळे तो खाली पहार मारायचा आणि वरून त्याची बायको कोकिळा दगडांची टोपली ओढायची. तिच्या चऱ्हाटाची ही खाच. दर टोपलीला ती वाकून विचारायची, "लागलं काय पानी?" आणि तो बिनदिक्कत ठोकून द्यायचा, "उद्या लागते." चौथ्या उन्हाळ्यात तापानं ती गेली. दगड फोडण्याचे ते दिवस, पण त्याच्या अख्ख्या जन्मातले सुखाचे तेवढेच.

साहेब घामाघूम होऊन वर आले. "बाबा, असा दगड मी जिल्ह्यात पाहिला नाही. यातून थेंब आत येत नाही, तसा बाहेरही जाणार नाही. भिंत इथंच शोभेल." मग जरा अडखळले. "विहीर मात्र बुजवावी लागेल. वावरही बुडेल. मन नसेल तर मी नकाशावर मांडायच्या आधी सांगा."

दयारामाचं बोट अजून खाचेतच होतं.

"किती लोक पेतीन हे पानी?"

"सगळं शहर."

"मंग मांडा."

साहेब खुंट्या आणायला तंबूकडे गेले. टोपली ओढताना ती वाकायची, तसाच दयाराम काठावरून वाकला आणि खाली बघत हळूच म्हणाला,

"कोकिळे, लागलं वं पानी."