धूर द्या, मग झाकण उघडा

"आधी धूर. झाकणाला हात नंतर. उलटं केलंत तर तोंड सुजवून घरी जाल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हातातल्या डब्याचा भाता दाबला. नळीतून पांढरा धूर निघाला आणि मधपेटीच्या फटीत शिरला.

बंद कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या मैदानात सगळी वस्ती पेटीभोवती बसली होती. अंगात कंपनीने वाटलेले पांढरे झगे, डोक्यावरून गळ्यापर्यंत जाळी. कोण कुणाचा नवरा तेसुद्धा ओळखू येईना. कारखाना बुडवून झाला होता, आता कंपनीला भिंतीच्या आतल्या, कामगारांच्या खोल्यांची जागा हवी होती. आणि जागा मागता मागता कंपनीला अचानक माया फुटली होती. घरटी एक मधपेटी फुकट, शिकवणी फुकट, वर पोटभर जेवण. अट एकच: सगळ्यांनी यायचं.

जेवणं दाबून झाली होती. भोंगामावशी सगळ्यात पुढे बसली होती. कारखान्याचा भोंगा कधीच गप्प झाला, मावशीचा मात्र चालू होता. खोल्या पाडायला मशीन आलं की वस्तीने गेटवर बसवलेला पहारेकरी तिला हाक मारायचा, ती आरोळी ठोकायची आणि वस्ती हातातली कामं टाकून मशीनपुढे आडवी पडायची. आजवर मशीन परत गेलं ते त्या आवाजामुळे.

"मास्तर, धुराने यांना झोप लागते का हो?" तिने विचारलं.

"झोप कसली! त्यांना वाटतं घराला आग लागली. पळायची वेळ आली तर शिदोरी हवी, म्हणून आधी मधावर तुटून पडतात. पोट तट्ट फुगलं की शेपूट वाकत नाही. शेपूट वाकलं नाही तर डंख कसा मारणार? मग खुशाल घर उचकटा, पोळं कापा."

"अगदी आमच्या पैलवानासारखं," मावशी म्हणाली. "ताट पुढ्यात आलं की याचं भांडण खलास. बिचारा आज गेटवर पहाऱ्याला बसलाय, नाहीतर सगळ्यांची पातेली पुसून खाल्ली असती."

जाळ्यांच्या आत हशा पिकला. मागची एक जाळी मात्र हसली नाही. खाली वळली.

"पण सगळ्याच खातात होय?" मावशीने विचारलं.

"एखादी नाही खात. ती चावते."

"मग?"

"मग काय, मरते. डंख आपल्या अंगात राहतो, तिची आतडी बाहेर येतात."

बाजूला खुर्ची टाकून कंपनीची बाई बसली होती. तिने घड्याळ बघितलं. "घाबरवू नका हो त्यांना. मध चाखवा."

मास्तरांनी पेटीतून चौकट उचलली, ब्रशने माश्या झटकल्या आणि पोळ्याचे तुकडे कापून हातोहात वाटले. जाळ्या वर झाल्या. माणसं मेणासकट चघळू लागली. मध हनुवटीवरून गळत होता.

मावशीने आपला तुकडा रुमालात बांधला. जेवणही तिने असंच डब्यात भरून ठेवलं होतं.

"उपास धरलास की काय गं?" शेजारीण म्हणाली.

"आमचा माणूस अंथरुणाला खिळलेला. त्याला सोडून माझ्या घशाखाली उतरत नाही. दोघं मिळून खाऊ."

एवढ्यात घुमल्यासारखा आवाज आला. पेटी बिथरली, असं मावशीला वाटलं. तिने पेटीला कान लावला. पेटी शांत होती. आवाज जमिनीतून येत होता, तळपायातून वर चढत होता.

तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीमागून, खोल्यांच्या रांगेवरून धूळ उठत होती.

"पैलवानाने हाक कशी मारली नाही?" ती पुटपुटली. आणि मागे वळली, तर पैलवान तिथेच. जाळी कपाळावर, कोपरापर्यंत मध.

"अरे मेल्या, तू इथे? मग गेटवर कोण?"

"बाई स्वतः बोलवायला आल्या गं मावशी. नाही कसं म्हणू? दोन घास खाऊन जाणारच होतो..."

"आलंऽऽ! मशीन आलंऽऽ! उठाऽ!"

भोंगा मैदानभर घुमला. माणसं गडबडून उठायला लागली. कुणाचा पाय झग्यात अडकला, कुणी बोटं चाटून घेतली. मावशी किंचाळली, "माझा माणूस आत आहे रे!"

कंपनीची बाई खुर्चीवरून हललीसुद्धा नाही. "मास्तर," ती म्हणाली, "अजून एक पोळं काढा."

शेजारीण मावशीची नजर चुकवत खाली बसली. मग तिच्या मागचे दोघे बसले. पैलवान थोडा वेळ तसाच उभा राहिला. भिंतीकडे बघितलं, मग पेटीकडे. आणि बसला.

मावशीने डोक्यावरची जाळी ओरबाडून फेकली आणि ती एकटीच भिंतीच्या दिशेने पळत सुटली. मुठीतल्या रुमालातून मध ठिबकत होता.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भाता दाबला आणि दुसरी चौकट उचलली.