तांबडी माती, पांढरा रंग

आलिमाने तिसऱ्यांदा हात वर केला. अम्मीने तिसऱ्यांदा न पाहिल्यासारखं केलं.

रियाधच्या ओलाया भागातल्या टॉवरमधला चौदावा मजला. समोर वीसेक जण बसलेले, सगळे न्यायवैद्यक प्रयोगशाळांमधले, कुणी रियाधचे तर कुणी थेट जिझानहून आलेले. काच, रंग, धागे, माती तपासणं हे त्यांचं रोजचं काम. नुसतं ‘जुळलं’ म्हणून थांबू नका, त्या जुळण्याला वजन किती ते आकड्यांत सांगा, हे त्यांना शिकवायला आलिमाची अम्मी, म्हणजे डॉ. तबस्सुम, दर सोमवारी इथे यायची. पहिल्या सोमवारी तर ती नव्या लायसन्सवर स्वतः गाडी चालवत आली होती. पोचायला उशीर झाला, पण ते ऐकून वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. आज दुसरा सोमवार.

आलिमाला शाळेची सुट्टी होती म्हणून ती मागच्या खुर्चीत. तिचा पाय काही केल्या थांबत नव्हता. कसा थांबणार? खाली बेसमेंटमध्ये, पांढऱ्या रंगवलेल्या खांबांच्या रांगेत, त्यांचा ड्रायव्हर कादिरमामा गाडीत बसून होता आणि डिकीत त्याची बॅग होती. क्लास सुटला की दोघींना मलाझला घरी सोडायचं, चावी परत द्यायची, टॅक्सी करून विमानतळ गाठायचा. फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपवून कायमचं मायदेशी. खलास.

झालं होतं एवढंच, की गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांची पांढरी गाडी कुणीतरी ठोकली होती आणि यांच्या निळ्या गाडीच्या बंपरवर पांढरा ओरखडा सापडला होता. अम्मीने भिंग आणलं. दोन्ही रंग शेजारी शेजारी पाहिले. जुळले. कादिरमामा हर्णैचा, यांच्याकडे आलिमा बालवाडीत होती तेव्हापासूनचा. अम्मीला गाडी शिकवली तीसुद्धा त्यानेच. तो खाली बघत एवढंच म्हणाला होता, “मी नाय ठोकली, भाभी.”

ठोकली त्याचं काही नाही, असं अम्मीचं म्हणणं. तोंडावर खोटं बोलला, त्याचं आहे. आलिमा दोन दिवस घरात भांडली. मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, यावर भांडण संपलं. अब्बांनी कागद पूर्ण केले.

“डॉक्टर,” पुढच्या रांगेतली रीम म्हणाली, “मागे कुणाला तरी काही विचारायचंय. नाही विचारू दिलंत तर ती खुर्ची मोडेल.”

वर्ग हसला. अम्मीला मान हलवावीच लागली. आलिमा उठली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण तो चक्क खणखणीत निघाला.

तिने एक गोष्ट सांगितली. कोकणातली आंब्याची बाग. बागेतून पेट्या चोरीला गेल्या. शेजारच्या वाडीतल्या एका माणसाच्या चपलांना तांबडी माती सापडली. बागेतली मातीही तांबडी. दोन्ही जुळल्या. माणसाला गावातून घालवलं. तर या पुराव्याचं वजन किती?

अम्मीचा चेहरा उजळला. लेकीला यात रस आहे हे तिला आजच कळत होतं. तिने फळ्यावर आडवी रेघ मारली. रेघेच्या वर पहिला प्रश्न: चोर हाच असेल, तर चपलेला तांबडी माती सापडण्याची शक्यता किती? शंभरात शंभर धरू. खाली दुसरा प्रश्न: चोर हा नसेल, तरी तशी माती सापडण्याची शक्यता किती? अम्मी हसायलाच लागली. अहो, रत्नागिरीत सगळीकडे तांबडीच माती. शंभरात नव्याण्णव तरी. शंभर भागिले नव्याण्णव, म्हणजे जवळजवळ एक. असला पुरावा काहीच सांगत नाही.

“हे न करता माणसाला दोषी ठरवणाऱ्याने प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये,” अम्मी म्हणाली. “दुसरा प्रश्न विचारायला आपण का विसरतो, सांगू? पहिल्याचं उत्तर आपल्याला आवडलेलं असतं.”

“म्हणजे रियाधमध्ये बंपरवर पांढरा रंग सापडावा, तसंच,” रीम म्हणाली. “इथे बघावं ती गाडी पांढरी.”

सगळे हसले. मार्कर फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. त्याखाली काळा ठिपका पसरत गेला.

अम्मीने वळून आलिमाकडे पाहिलं. आलिमा अजून उभीच होती.

“चपला नव्हत्या, अम्मी,” ती म्हणाली. “आणि तो माणूस खाली गाडीत बसलाय.”

रीमने एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. तिचं सगळं आयुष्य रंगांचे कण तपासण्यात गेलेलं. तिने अगदी सावकाश विचारलं, की ती गाडी आणखी कोण चालवतं.

अम्मीने मार्करला टोपण लावायचा प्रयत्न केला. ते बसेना. तिने मार्कर तसाच टेबलावर ठेवला.

“आलिमा, खाली जा. कादिरला म्हणावं, बॅग घेऊन वर ये. माफी मला इथेच मागायची आहे, सगळ्यांसमोर.”

आलिमा दारापर्यंत धावली आणि तिथेच थबकली, कारण अम्मी आता वर्गाशी बोलत होती.

“पहिल्या सोमवारी गाडी मी आणली होती. खाली खांबापाशी वळताना काहीतरी खरखरलं. उतरून बघायला वेळ नव्हता. उशीर झाला होता, आणि मला तुम्हाला दुसरा प्रश्न विचारायला शिकवायचं होतं.”